पेठ नाक्याला न वळता

कराडहून सांगलीला जायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून अजूनही एसटीचंच उत्तर बाहेर पडतं. दोन तास, आणि पेठ नाक्याला बस रेंगाळली नाही तर थोडा कमी. मग समोरच्याला आठवतं की मी विमान चालवायला शिकले आहे. तो हसून म्हणतो, "तसं नव्हे, विमानानं किती?" विमानानं वीस-पंचवीस मिनिटं. मी आमच्या शिकाऊ विमानाचं बोलतेय, दोन माणसं बसली की भरलं असं विमान. रस्त्यानं जे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरतं, ते हवेतून साठीच्या घरात येतं, कारण हवेत पेठ नाका नसतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा हिवाळा गेला आणि त्या हिवाळ्यात माझी आई बऱ्याच वेळा उपाशी झोपली.

आमचं घर सांगलीजवळ, कवलापूरच्या जुन्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. धावपट्टी आपली नावाला. तिच्यावर विमान उतरलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. पाहिलं ते सकाळी फिरायला येणारे रक्तदाबवाले, गाडी शिकणाऱ्या नव्या सुना आणि संध्याकाळचं क्रिकेट. दर निवडणुकीत तिथे विमानतळ होतो आणि निकाल लागला की पुन्हा गवत उगवतं. मीही गाडी तिथेच शिकले. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शेजारी बसून म्हणायचे, "आगं, इमानाची जागा हाय ही, जरा वेग घे की." त्यांनी चेष्टा केली आणि मी ती मनावर घेतली. पुढे कॉलेज कराडला झालं. तिथल्या धावपट्टीवरून छोटी विमानं चढता-उतरताना रोज दिसायची. पदवी हातात पडल्यावर मी घरी सांगून टाकलं की मला हेच शिकायचंय. अण्णा हसले. आई हसली नाही.

आम्ही जैन, द्राक्षबागा करणारे. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. हॉस्टेलवर राहायला गेल्यापासून माझं हे सुटलं होतं. आईला ते माहीत होतं आणि त्यावर ती कधी काही बोलली नाही. पण मी पहिल्यांदा विमानात बसणार होते त्या सकाळी ती देवळात गेली आणि नेम धरून आली. मी ज्या दिवशी उडणार, त्या दिवशी मी खाली उतरल्याचा फोन आल्याशिवाय तिनं संध्याकाळचं जेवायचं नाही. आमच्याकडच्या बायका असे नेम धरतात. कुणी गूळ सोडतं, कुणी भात. देवापुढे धरलेल्या नेमात घरातल्या कुणी तोंड घालायचं नसतं.

म्हणजे झालं असं, की माझा फोन सूर्य मावळायच्या आत गेला तर आई जेवणार. मावळल्यावर गेला तर उपयोग नाही, कारण मावळल्यावर ती जेवतच नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. दिवाळी होऊन गेली होती, दिवस आखडले होते आणि आमच्या गटात सगळ्यांत नवी म्हणून मला विमान मिळायचं ते दुपार कलल्यावर. उतरायचं, विमान जागेवर लावायचं, कागदपत्रं पुरी करायची आणि मग खोलीत ठेवलेल्या फोनकडे धावायचं. अनेकदा तोवर पश्चिमेला नुसता तांबूसपणा उरलेला असायचा. उडायच्या आधीच 'उतरले' म्हणून फोन ठोकून द्यावा, असंही एकदा मनात आलं. पण आईच्या नेमात खोटं कालवायची माझी छाती झाली नाही.

मला भयंकर राग यायचा. एकदा फोनवर मी सरळ भांडले.

"तू उपाशी राहिलीस म्हणून माझं विमान नीट चालतं का गं?"

"तसं कुठं म्हणलो मी?" आई म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'म्हणलो', 'जेवलो' असंच बोलतात.

"मग सोड की हा नेम."

"तू सोडतीस का इमान?"

"नाही."

"मग? माझा नेम माझ्यापाशी, तुझं इमान तुझ्यापाशी."

मागून अण्णांचा आवाज आला, "दोघी सारख्याच. मधी मी कशाला हाय, कुणास ठाऊक." आईनं फोन ठेवून दिला. मी ठरवलं, हिच्या उपासाला भिऊन मी काही मागे फिरणार नाही. आणि तरीही रोज उतरल्या उतरल्या माझी पहिली नजर सूर्य किती उरलाय इकडेच जायची.

आम्हाला शिकवणारे सर मेढ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. एरवी ते स्वच्छ, तोलून-मापून बोलत. चिडले की मात्र मेढा बाहेर यायचा. धावपट्टीभोवती घिरट्या घालणं मला जमू लागलं, तेव्हा त्यांनी पुढचं काम दिलं. कराडहून निघायचं, कवलापूरच्या धावपट्टीच्या डोक्यावर जायचं, न उतरता वळायचं आणि परत यायचं. आधी ते शेजारी बसणार, मग मी एकटी जाणार. एकटीनं असं जाऊन आल्याशिवाय परवान्याची पुढची पायरी नाही. मला वाटलं, हे तर माझंच गाव. डोळे मिटून जाईन.

आणि खरंच, डोळे मिटल्यासारखीच गेले. नकाशावर कराड ते कवलापूर पेन्सिलीनं सरळ रेघ काढली होती, होकायंत्राचा आकडा लिहून मांडीवर बांधला होता. विमान वर चढलं, उजव्या हाताला महामार्ग दिसला आणि मला हायसं वाटलं. चार वर्षं दर शनिवार-रविवारी मी या रस्त्यानं एसटीतून गेले-आले होते. "पेठ नाक्याला पोचलीस की फोन कर," हे आईचं ठरलेलं वाक्य. सांगलीची बस पेठ नाक्याला महामार्ग सोडून डावीकडे वळते, आणि ती वळली की मी फोन काढायचे. अर्धी वाट झाली, आता घर आलं, हे आमच्या दोघींचं पेठ नाक्यावर ठरायचं.

तर मी रस्ता धरला. काटा कुठे चाललाय याकडे लक्ष नाही. खाली ओळखीचे पूल, ओळखीचे ढाबे. पेठ नाका आला आणि मी मोठ्या डौलात विमान डावीकडे वळवलं.

सर इतका वेळ गप्प होते. आता कानात त्यांचा आवाज आला, "का वळलीस?"

"पेठ नाका आला, सर."

इस्लामपूर गेलं. आष्टा दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "आगं, तू इमान चालवतीस का यस्टी? आता सांगली स्टँडावर फलाटाला लावणार हायेस व्हय?"

मी मांडीवरच्या कागदाकडे बघितलं आणि माझे कान तापले. कागदावरची रेघ सागरेश्वराच्या डोंगरावरून, पलूसवरून, तासगावच्या कडेनं जात होती. मी त्या रेघेपासून पार दूर, उसाच्या मुलखात, एसटीच्या वाटेवर होते. तसंच कवलापूर गाठून वळलो, आणि त्या वळशापायी परतायला उशीर झाला. कराडला उतरलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि फोन हातात घेतला तोवर गेला होता. आई "बरं" एवढंच म्हणाली. म्हणजे त्या रात्रीचं तिचं जेवण माझ्या पेठ नाक्यानं खाल्लं.

सरांनी मला समोर उभं केलं. "तुझा हात चांगला आहे," ते म्हणाले, "पण वर रस्ता बघून चालणारा माणूस ढग आला की संपला. रेघ काढलीस न्हवं? मग रेघेवर चालायचं. अजून एकदा सोबत येईन. पुन्हा रस्ता धरलास तर तुला एकटीला सोडणार नाही, या वर्षी तर नाहीच." एक वर्ष थांबायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. घरी बसले की बागेची कामं, पाहुणे, मग हळूहळू 'झालं की आता हौस फिटली' असं सगळे म्हणू लागणार. मी खोलीवर जाऊन रडले नाही. चिडून नकाशा भिंतीला चिकटवला.

माझ्या लक्षात आलं ते असं. रस्त्यावरचं प्रत्येक हॉटेल मला तोंडपाठ होतं, पण त्या रेघेखालचा मुलूख मी जन्मात पाहिला नव्हता. दोन्ही टोकं माझी आणि मधलं सगळं परकं. हात ओळखीच्या वाटेकडेच ओढणार. मग पुढच्या रविवारी मी घरी गेले आणि जाहीर केलं की मी स्कूटरवरून घर ते कराड अशी जाणार आहे, होता होईल तेवढी रेघ धरून. अण्णांची कंबर धरली होती. "एकटी नको जाऊ," ते म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई भाकऱ्या फडक्यात बांधत बाहेर आली.

"मी येतो," ती म्हणाली. "बघू तर दे, कुठनं जातीस ती."

आम्ही निघालो. आई मागे बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात घडी केलेला नकाशा. तासगावपर्यंत ठीक होतं, देवळाचं उंच गोपुर लांबून दिसतं. त्याच्याकडे बोट दाखवून मी सांगितलं, "हे माझ्या डाव्या हाताला नाही, उजव्या हाताला... थांब, येताना डाव्या हाताला." आई म्हणाली, "नीट सांग. मलाच कळंना तर तुला काय कळणार?" तिथून पुढे बागांतले, उसातले रस्ते. रेघ सरळ होती, रस्ते मुळीच नव्हते. पलूसच्या अलीकडे आम्ही चुकून एका वस्तीवर जाऊन पोचलो. तिथले एक आजोबा बाजेवरून उठून आले.

"कुठं निगालासा?"

"कराडला," मी म्हटलं.

"मग हिकडं कशापायी? हायवेनं जावा की. पेठ नाक्यावरनं सरळ गाडी हाय."

"आवं, हायवे वाकडा हाय," आई म्हणाली. "आमाला सरळ जायचंय."

आजोबा माझ्याकडे बघायला लागले, या बाईंना बरं आहे ना, असं. मला हसू आवरेना. आईनं मात्र गंभीरपणे नकाशा उघडून त्यांना रेघ दाखवली. मुलगी इमान चालवती, तिची वाट बघायला आलोय, असं सांगितलं. ते तिनं कुणालातरी सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यात अभिमान होता की तक्रार, ते मला कळलं नाही.

सागरेश्वराच्या डोंगरावर आम्ही थांबलो आणि भाकरी खाल्ली. दही, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. खाली एकीकडे कृष्णेकाठचा हिरवा पट्टा, दुसरीकडे कडेगावच्या अंगाचे उघडे माळ.

"ह्या वाटंत पेठ नाका कुठला मग?" आईनं विचारलं.

"हाच. हा डोंगर. इथे अर्धी वाट होते."

"हितनं घराकडं कुठल्या अंगाला?"

मी हात लांब करून दाखवलं. तिनं माझ्या हाताच्या रोखानं बराच वेळ बघितलं. मग उलटीकडे वळून विचारलं, "म्हंजे घरातनं बघितलं तर तू तासगावच्या अंगानं येणार. आष्ट्याच्या न्हाई."

"हो."

"त्या दिवशी आष्ट्याच्या अंगानं आलीस."

मी चमकले. "तुला काय माहीत? सर सांगून गेले का घरी येऊन?"

"गच्चीवर हुतो. आष्ट्याकडनं आलं, धावपट्टीवरनं वळलं न् माघारी गेलं. म्हणलं, आपलीच असणार." एवढं बोलून तिनं फडकं झटकलं आणि डबा भरायला घेतला.

दुसऱ्या खेपेला सर शेजारी बसून आले. मी काट्यावरची नजर हलवली नाही. सागरेश्वर, पलूस, तासगाव, धावपट्टी, वळण, परत. उतरल्यावर ते म्हणाले, "एकटी कधी जाणार?" मी म्हटलं, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णा-कोयनेवर धुकं बसलं ते बसलंच. सकाळची विमानं दुपारवर गेली, दुपारची त्याच्यामागे, आणि माझी पाळी आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. जाऊन यायला वेळ होता, पण फार नव्हता. सर म्हणाले, उद्या गेलीस तरी चालेल. मी म्हटलं, आजच जाते. त्यांनी आकाशाकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. निघण्याआधी मी घरी फोन केला. "आई, आज उशीर होणार. तू जेवून घे. ऐक माझं."

"किती वाजता येशील डोक्यावर?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "जा मग," ती म्हणाली. जेवणाचं काहीच बोलली नाही.

एकटीनं उडताना शेजारची खुर्ची फार मोठी वाटते. मी वर आले आणि बघते तो समोर नुसता धूसरपणा. कारखान्यांचा हंगाम सुरू होता. धूर आणि धूळ मिळून सगळा मुलूख मळकट झाला होता. सागरेश्वर दिसायला हवा होता, दिसत नव्हता. आणि उजव्या हाताला महामार्ग तेवढा स्वच्छ, उन्हात चकाकत पडलेला. मी खरंच घाबरले. थोडंसं उजवीकडे घ्यावं, रस्ता धरावा, डोंगर दिसला की परत रेघेवर यावं, असं मन सांगू लागलं. मी मोठ्यानं म्हटलं, "हायवे वाकडा आहे." विमानात कुणी नव्हतं, त्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं. पुन्हा एकदा म्हटलं, आणि काटा धरून ठेवला.

डोंगर आला. यायला हवा त्यापेक्षा थोडा डावीकडे आला, म्हणजे वारा मला उजवीकडे ढकलत होता. मी तेवढी दुरुस्ती केली. मग पलूस. त्या आजोबांची वस्ती खाली कुठेतरी असणार, शोधत बसले नाही. गोपुर डाव्या हाताला दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारणार होते. पुढे गवतातून गेलेला तो करडा पट्टा, आमची धावपट्टी. तिच्यावर ठिपके, क्रिकेटवाले असावेत. आमच्या घराची निळी टाकी दिसली. माणूस काही दिसला नाही, एवढ्या उंचीवरून दिसतही नाही. पंख हलवून दाखवणं वगैरे मी काही केलं नाही. सरांनी बजावलेलं होतं आणि मला घाई होती. वळले आणि परत निघाले.

परतताना सूर्य समोर. डोळ्यांत नुसतं तेज भरलेलं, काटासुद्धा डोळे बारीक करून वाचायचा. सागरेश्वर पुन्हा आला, खाली गेला. कराड दिसलं, नद्यांचा संगम दिसला आणि मी उतरले. चाकं टेकताना विमान एकदा उसळलं, ते सरांनी पाहिलं असणार. विमान जागेवर लावून मी खोलीकडे धावले. पश्चिमेला डोंगराच्या वर अजून हातभर सूर्य होता. फोन लावला. अण्णांनी उचलला.

"उतरले अण्णा! आईला दे. वेळ आहे अजून, म्हणावं ताट घे."

"ती जेवली की," अण्णा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधी?"

"मघाशीच. गच्चीवरनं खाली आली, ताट वाढून घेतलं न् बसली. मीच म्हणलं, आगं, फोन कुठं आलाय अजून? तर गप बसा म्हणाली."

आई फोनवर आली. मी भांडायच्या आवाजातच विचारलं, "आणि नेम?"

"मोडला," ती म्हणाली. "उद्या देवळात जाऊन सांगतो. गूळ सोडतो म्हैनाभर. काय व्हायचं ते हुईल."

"अगं, पण मी हवेत होते ना! मी उतरले नव्हते!"

"तासगावच्या अंगानं आलीस," आई म्हणाली. "सरळ आलीस न् सरळ गेलीस. मग मी कशाला उपाशी बसू?"

मग तीच म्हणाली, "तू जेवून घे आता. सूर्य हाय अजून."

माझ्या पिशवीत सकाळची दोन केळी होती. मी धावपट्टीकडे तोंड करून पायरीवर बसले आणि सूर्य मावळायच्या आत ती खाल्ली.